इसार दिला, माल कुठाय?

तासगावजवळच्या माझ्या मामेभावानं सप्टेंबरात फेसबुकवर एक जाहिरात पाहिली. सोळा लिटरचा, बॅटरीवर चालणारा फवारणी पंप. दुकानात साडेतीन हजारांच्या आसपास मिळतो, तो इथं १,८९९ रुपयांत. अट एकच होती, पूर्ण पैसे आत्ता भरून बुकिंग करायचं आणि माल १० ऑक्टोबरपर्यंत घरपोच. ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाच्या छाटणीचे दिवस, बागेशेजारच्या वीस गुंठे भाजीलाही पंप हवाच होता. त्यानं दोन पंप सांगितले आणि ३,७९८ रुपये यूपीआयनं पाठवले. १० तारखेला पंप आला नाही. ‘कंटेनर बंदरात अडकलाय’ असा मेसेज आला. मग दिवाळीची गर्दी, मग कुरियरची अडचण, मग ‘नवीन लॉट निघालाय’. जानेवारीत नंबर बंद झाला आणि पेजही दिसेनासं झालं.

मला हे कळलं ते जानेवारीतच, तेही तो दुसऱ्याच कामासाठी सांगलीला आला तेव्हा. चार महिने त्यानं ही गोष्ट पोटात ठेवली होती. “घरात काय सांगू, शिकलेला माणूस फसला म्हणून?” असं तो म्हणाला. पैसे गेले याचं मला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट या चार महिन्यांचं वाटलं. कारण पैसे परत मिळायची जी काही शक्यता होती ती याच चार महिन्यांत एकेक करून संपली. ती कशी संपते आणि आपण ती कशी राखायची, हे मला इथं नीट उलगडून सांगायचं आहे.

आगाऊ पैसे म्हणजे उसने पैसे

सांगली-साताऱ्याच्या माणसाला आगाऊ पैसे देऊन फसणं नवीन नाही. ऊसतोडीच्या टोळीसाठी मुकादमाला मोठी उचल द्यायची आणि हंगाम सुरू झाला तरी टोळी यायचीच नाही, हे इथल्या वाहनमालकांनी वर्षानुवर्षं सोसलंय. उलट्या बाजूनं द्राक्षाचा व्यापारी माल भरून नेतो, ‘आठ दिवसांत देतो’ म्हणतो आणि फोन बंद करतो, हेही तासगाव-पलूस भागाला ठाऊक आहे. म्हणजे रोग जुनाच आहे. मोबाइलवर तो ‘प्री-ऑर्डर’, ‘प्री-बुकिंग’, ‘अर्ली बर्ड ऑफर’ अशा नव्या कपड्यांत येतो, म्हणून चटकन ओळखू येत नाही.

आपल्याकडे यासाठी फार चांगला शब्द आहे, इसार. जमिनीचा इसार, म्हशीचा इसार. इसार देताना जुनी माणसं काय बघायची? देणारा-घेणारा कोण, कुठल्या गावचा, साक्षीला कोण आणि मुदत काय. चारही गोष्टी इसारपावतीवर यायच्या. शिवाय इसार म्हणजे किमतीचा एक भाग असायचा, अख्खी किंमत नव्हे. ऑनलाइन प्री-ऑर्डरमध्ये आपण अख्खी किंमत देतो आणि या चारांतली एकही गोष्ट विचारत नाही.

पैसे पाठवल्यापासून माल हातात पडेपर्यंत आपण नावाला गिऱ्हाईक असतो. प्रत्यक्षात आपण त्या विक्रेत्याला बिनव्याजी, बिनतारण पैसे वापरायला दिलेले असतात. त्या माणसाला तुम्ही एरवी ३,७९८ रुपये उसने दिले असते का? हा प्रश्न स्वतःला विचारला की पुढची सगळी चौकशी आपोआप सुचते.

ज्यांचं वय साठीच्या पुढं आहे त्यांना पोस्टाची व्हीपी, म्हणजे ‘व्हॅल्यू पेएबल’ पार्सल, आठवत असेल. पुण्या-मुंबईहून पुस्तक मागवायचं, पोस्टमन पार्सल घेऊन दारात यायचा, पैसे त्याच्या हातात दिले की पार्सल आपल्या हातात. पैसे पुढं पोस्टच विक्रेत्याला पाठवायचं. ही व्यवस्था आपल्या टपाल खात्यात १८७७ साली सुरू झाली. म्हणजे अनोळखी विक्रेता आणि दूरचं गिऱ्हाईक यांच्यामध्ये विश्वासाचा तिसरा माणूस लागतो, हे तेव्हाही कळलं होतं. प्री-ऑर्डरमध्ये नेमका हाच मधला माणूस काढून टाकलेला असतो.

आगाऊ नोंदणी ही वाईटच, असं मात्र मला म्हणायचं नाही. मराठी वाचक प्रकाशनपूर्व सवलतीत कितीतरी ग्रंथ घेत आलाय. हापूसच्या पेट्या आधी सांगून ठेवणं, दिवाळीचा फराळ नोंदवणं, मिरजेच्या कारागिराला तंबोरा सांगून सहा महिने थांबणं, हे सगळे आगाऊ व्यवहारच आहेत. तिथं माणूस माहीत असतो, त्याचा कारखाना कुठं आहे ते माहीत असतं आणि त्याला उद्याही त्याच गल्लीत धंदा करायचा असतो.

बुडवणारा आणि बुडणारा

माल न पाठवणारे विक्रेते दोन जातींचे असतात. पहिल्याकडे माल कधी नव्हताच. त्याच्याकडे चार फोटो, एक पेज आणि दुसऱ्याच्या नावाचं भाड्याचं बँक खातं असतं. दुसरा मनानं खोटा नसतो, पण त्याचं गणित चुकलेलं असतं. तो आजच्या ऑर्डरच्या पैशातून गेल्या महिन्यातल्या ऑर्डरचा माल घेतो. ऑर्डरी वाढत्या आहेत तोवर चाक फिरतं. त्या थांबल्या की शेवटच्या हजार जणांचे पैसे बुडतात.

या दुसऱ्या जातीचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०१४ मध्ये ‘कूलेस्ट कूलर’ नावाच्या सहलीच्या बर्फपेटीसाठी किकस्टार्टर या संकेतस्थळावर ६० हजारांहून जास्त लोकांनी मिळून १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर पैसे आगाऊ दिले. पेटी बनवायचा खर्च अंदाजापेक्षा वाढला. बऱ्याच जणांना ती मिळाली, पण २०१९ च्या डिसेंबरात कंपनी बंद झाली तेव्हा सुमारे २० हजार जण रिकाम्या हातानं राहिले होते. पाच वर्षं वाट बघून.

आपल्या देशातलं उदाहरण बहुतेकांना आठवेल. २०१६ च्या फेब्रुवारीत नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीनं २५१ रुपयांत स्मार्टफोन जाहीर केला. सात कोटींहून अधिक नोंदण्या झाल्याचं कंपनी सांगत होती. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, एका वितरकानं पैसे अडकल्याची तक्रार केली आणि कंपनीच्या संचालकाला अटक झाली. त्या फोनच्या नुसत्या सुट्या भागांची किंमत २५१ रुपयांच्या कितीतरी वर जाते, हे जाणकार पहिल्या दिवसापासून सांगत होते. घाऊक बाजारात ज्या भावाला वस्तू मिळत नाही त्या भावात कुणी किरकोळ विकत असेल, तर तो तोटा कुणाच्या तरी खिशातून जाणारच.

दोन्ही जातींच्या विक्रेत्यांची एक खूण सारखी असते. जुन्या ऑर्डरी अडकलेल्या असताना नव्या ऑर्डरी जोरात घेणं चालू असतं, आणि सवलत दिवसेंदिवस वाढत जाते. पेजच्या कमेंटमध्ये ‘माझं पार्सल कुठाय’ असं चाळीस जण विचारत आहेत आणि वर नवीन ऑफर झळकतेय, असं दिसलं की तिथून निघा. कमेंट बंद करून ठेवल्या असतील, तर तेही उत्तरच समजा.

वायदा का केला जातो

मामेभावाला विक्रेता दर पंधरा दिवसांनी गोड बोलून नवी तारीख देत होता. जो बुडवणारच आहे तो एवढा वेळ का घालवतो? कारण वेळ त्याच्या फायद्याची असते. गिऱ्हाइकाला पैसे परत मिळवून देणारी प्रत्येक सोय मुदतीत बांधलेली आहे, आणि प्रत्येक वायद्यासरशी त्यातली एकेक मुदत टळते.

सगळ्यात छोटी मुदत काही तासांची आहे. फसवणुकीचे पैसे एका खात्यात राहत नाहीत. पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरतात आणि एटीएममधून निघून जातात. १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर याच साखळीच्या मागं धावण्यासाठी आहे. तिथं तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांपर्यंत पोहोचते आणि पैसे ज्या खात्यात सापडतील तिथं ते गोठवले जातात. गोठवलेले पैसे पुढं परत मिळवता येतात. पण खात्यात काही उरलं असेल तरच! जानेवारीत आम्ही १९३० ला फोन लावला तेव्हा सप्टेंबरातले पैसे कधीच पसार झाले होते.

दुसरी मुदत कार्डाची. क्रेडिट किंवा डेबिट कार्डानं पैसे दिले असतील आणि माल आला नाही, तर बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागता येतो. म्हणजे आपली बँक कार्ड कंपनीमार्फत विक्रेत्याच्या बँकेकडून पैसे परत मागते, आणि माल पोहोचवल्याचा पुरावा विक्रेत्याला द्यावा लागतो. मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत यासाठी साधारण १२० दिवस असतात आणि आगाऊ ऑर्डरमध्ये ते ठरलेल्या डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजता येतात. ‘ठरलेल्या तारखेपासून’ या शब्दांकडे लक्ष द्या. तारीख लेखी नसेल तर मोजायचं कुठून? आणि विक्रेत्यानं दिलेली प्रत्येक नवी तारीख आपण ‘ठीक आहे’ म्हणून मान्य करत गेलो, तर आपणच आपली बाजू पातळ करत जातो. मिरजेच्या आमच्या वहिनींनी घरघंटीसाठी ११,५०० रुपये क्रेडिट कार्डानं आगाऊ भरले होते. तारीख उलटल्यावर आठवडाभर थांबून त्यांनी सरळ बँकेत लेखी तक्रार दिली. दोन महिने लागले, कागद तीनदा मागितले, पण पूर्ण रक्कम परत आली.

मामेभावाचं यूपीआय होतं, आणि तिथं लोकांचा एक मोठा गैरसमज मला रोज भेटतो. ‘तीन दिवसांत बँकेला कळवलं की बँक पैसे भरून देते.’ रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तसं म्हणतं, पण ते अनधिकृत व्यवहारांबद्दल आहे. तुमच्या नकळत कुणी खात्यातून पैसे काढले, तर ते संरक्षण आहे. तुम्ही स्वतः पिन टाकून स्वतःच्या इच्छेनं पैसे पाठवलेत, तर बँकेच्या दृष्टीनं तो व्यवहार तुम्हीच केलाय. मालाचं काय झालं, हा तुमच्यातला आणि विक्रेत्यातला प्रश्न. ऐकायला कठोर वाटतं, पण पिन टाकायच्या आधी हे माहीत असलं की हात थोडा थांबतो.

म्हणून पैसे कुठल्या वाटेनं द्यायचे हा निर्णय वस्तूच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. अनोळखी विक्रेता असेल तर माल आल्यावर पैसे देणं सर्वांत बरं. ते नसेल तर मोठ्या ऑनलाइन बाजाराच्या आत राहून, त्यांच्याच ॲपमधून पैसे द्या. तिथं विक्रेत्याला पैसे लगेच मिळत नाहीत, मधला माणूस शिल्लक असतो. ‘ॲपवर कमिशन जातं, मला थेट पाठवा, दोनशे कमी करतो’ असं कुणी म्हणालं, तर तो दोनशे रुपयांत तुमचं संरक्षण विकत घेतोय हे लक्षात ठेवा. त्यानंतर क्रेडिट कार्ड. एखाद्या व्यक्तीच्या नावावरचं यूपीआय किंवा थेट बँक खात्यात भरणा ही सगळ्यात कच्ची वाट, आणि बुडवणारे नेमकी तीच मागतात.

पैसे देण्याआधीची दहा मिनिटं

सुरुवात पत्त्यापासून करा. याचं कारण पुढच्या कायद्याच्या भागात कळेल, आत्ता एवढंच सांगतो की ज्याचा पत्ता नाही त्याला नोटीस जात नाही, आणि नोटीस जात नाही तिथं ग्राहक आयोगही फार काही करू शकत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्यानं आपलं कायदेशीर नाव, कार्यालयाचा पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव देणं बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची असते. हे नाव-पत्ते पेजवर नसतील, तर विक्रेता पहिल्याच पायरीवर नियम मोडतोय.

जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो तपासायला एक मिनिट लागतो. क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं मालकाच्या किंवा कंपनीच्या पॅनची. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ‘करदाता शोधा’ या सोयीत हा क्रमांक टाकला की नोंदलेलं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे सगळं लॉगिन न करता दिसतं. मामेभावानं जपून ठेवलेल्या स्क्रीनशॉटवर एक जीएसटी क्रमांक होता. आम्ही तो टाकून पाहिला. तो दुसऱ्याच राज्यातल्या कापडाच्या एका व्यापाऱ्याचा निघाला. त्या बिचाऱ्याला आपला क्रमांक पंपांच्या जाहिरातीवर फिरतोय याचा पत्ताही नसेल. हे एक मिनिट सप्टेंबरात खर्च झालं असतं तर!

यूपीआयमध्ये पिन मागण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव पडद्यावर येतं. दुकानाचं नाव ‘कृषी’ काहीतरी आणि खातं मात्र कुणा मुलाच्या वैयक्तिक नावावर, असं दिसलं की थांबा आणि विचारा. फेसबुक पेजच्या ‘पेज ट्रान्सपरन्सी’ या भागात पेज कधी सुरू झालं आणि त्याचं नाव किती वेळा बदललं हे लिहिलेलं असतं. तीन महिन्यांपूर्वी ज्या पेजवर विनोदी व्हिडिओ होते तेच आज पंप विकत असतं. संकेतस्थळ असेल तर ‘हू-इज’ या शोधसोयीत त्याचा पत्ता टाका, ते कोणत्या तारखेला नोंदवलं ते कळतं. ‘पंधरा वर्षांची विश्वासार्ह परंपरा’ लिहिलेलं संकेतस्थळ मागच्या महिन्यात जन्माला आलेलं मी पाहिलंय. वस्तूचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकला आणि तोच फोटो दहा वेगळ्या दुकानांवर दिसला, तर वस्तू विक्रेत्याच्या हातात नाही असं धरून चाला.

‘फक्त ३ शिल्लक’, ‘ऑफर १४ मिनिटांत संपेल’ असली घड्याळं आपल्याला ही दहा मिनिटं मिळू नयेत म्हणूनच लावलेली असतात. अशी खोटी घाई ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या १३ फसव्या युक्त्यांच्या यादीत आहे.

सगळं बरं वाटलं तरी पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून एक ओळ लिहून घ्या, ‘अमुक वस्तू अमुक तारखेपर्यंत पोहोचेल, न पोहोचल्यास पूर्ण पैसे इतक्या दिवसांत परत.’ व्हॉट्सॲपवर चालेल. ही आपली इसारपावती. खरा धंदा करणारा एका मिनिटात लिहून देतो. त्यानंतर जाहिरात, किंमत, पत्ता आणि हा संवाद यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पेज गायब झालं की पुरावाही त्याच्यासोबत जातो.

तारीख टळली

ठरलेल्या तारखेनंतर उशीर झाला तर त्याला खरं कारण असू शकतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं होतं तेव्हा कुठलंच पार्सल वेळेवर येणं शक्य नव्हतं. ई-कॉमर्सचे नियमही अशा आपत्तीचा अपवाद मान्य करतात. एरवी मात्र सांगितलेल्या तारखेनंतर माल आला तर विक्रेत्याला पैसे परत करायला नकार देता येत नाही. उशिरा आलेल्या मालाला हे लागू आहे, मग न आलेल्या मालाचं बोलायलाच नको.

फोनवर भांडत बसू नका. फोनचा पुरावा राहत नाही आणि गोड बोलून तो आणखी पंधरा दिवस काढतो. एक मेसेज आणि तोच मजकूर ई-मेलनं पाठवा. असा:

“मी दि. … रोजी … रुपये भरून … ही वस्तू मागवली. व्यवहार क्रमांक …. आपण दि. … पर्यंत माल देण्याचं कबूल केलं होतं. माल मिळालेला नाही. मी ही ऑर्डर रद्द करत आहे. सात दिवसांत पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करावी. नवीन तारीख मला मान्य नाही. रक्कम न मिळाल्यास मी ग्राहक आयोग आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करीन.”

‘नवीन तारीख मला मान्य नाही’ हे वाक्य गाळू नका. कार्डानं पैसे दिले असतील तर या सात दिवसांत बँकेलाही कळवून ठेवा.

पेज गायब झालंय, नंबर बंद आहे किंवा पत्ता खोटा निघालाय, अशी स्थिती असेल तर सात दिवसही थांबू नका, लगेच १९३० ला फोन करा. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक, तारीख, रक्कम आणि आपल्या बँकेचं नाव हाताशी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर पुरावे जोडून तक्रार पूर्ण करा. आपल्या बँकेच्या शाखेतही लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

विक्रेता खरा आहे, दुकान आहे, पण पैसे देत नाही, अशा वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला सांगा. ती कंपनीशी संपर्क करून तडजोड घडवायचा प्रयत्न करते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, तरी नाव राखायचं असलेली कंपनी बऱ्याचदा तिथंच नमते.

आता पोलीस आणि ग्राहक आयोग यांतला फरक. हा समजला नाही म्हणून माणसं चुकीच्या दारात ताटकळत राहतात. माल न देणं हा दरवेळी गुन्हा नसतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला पैसे घेतानाच फसवायचा हेतू होता हे दिसावं लागतं. म्हणून पोलीस कधीकधी ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणतात. त्यावर नुसतं चिडून उपयोग नाही, हेतू दाखवणारे कागद समोर ठेवावे लागतात. खोटा जीएसटी क्रमांक, खोटा पत्ता, एकाच पद्धतीनं फसलेले आणखी पाच-दहा जण, जुने पैसे अडकलेले असताना घेतलेल्या नव्या ऑर्डरी. फसलेले लोक एकत्र आले तर तक्रारीचं वजन फार वाढतं, आणि त्यासाठी गप्प बसणं सोडावं लागतं.

ग्राहक आयोगासमोर हेतूचा प्रश्न येत नाही. पैसे घेतले आणि माल दिला नाही, ही सेवेतली त्रुटी, एवढं पुरे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपल्यासारख्या गावाकडच्या माणसासाठी एक फार मोठी गोष्ट केली. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. तासगावच्या माणसानं सांगलीच्या जिल्हा आयोगात, कऱ्हाडच्या माणसानं साताऱ्याच्या. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची. निकाल लवकर लागेल असं खोटं आश्वासन मी देणार नाही, तारखा पडतात. मालाची रक्कम, त्रासाची भरपाई आणि खर्च असं तिन्ही मागा. वस्तू पुन्हा विकायला घेतली असेल तर मात्र तुम्ही या कायद्यानं ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वतःच्या पोटापाण्याच्या कामासाठी घेतली असेल, जसा शेतकऱ्यानं पंप, तर ठरता.

आणि इथंच पत्ता लागतो. आयोगाची नोटीस कुठंतरी पोहोचवावी लागते. मामेभावाकडे पोहोचवायला ठिकाण नाही.

पार्सल आलं, पण काय आलं?

अलीकडे बुडवणारे रिकाम्या हातानं पळत नाहीत. ते काहीतरी पाठवतात. पंपाऐवजी रुमाल, मोबाइलऐवजी साबण. यामागं हिशोब आहे. ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ असं उमटलं की चार्जबॅकला उत्तर द्यायला त्यांच्याकडे पुरावा तयार असतो. काही जण तर आपल्याच गावातल्या भलत्याच माणसाच्या पार्सलचा क्रमांक पाठवतात. स्पीड पोस्टचा खरा क्रमांक तेरा अक्षरांचा असतो, दोन इंग्रजी अक्षरं, नऊ अंक आणि शेवटी भारताची दोन अक्षरं. तो पोस्टाच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा, विक्रेत्यानं पाठवलेल्या लिंकवर नको. आगाऊ पैसे दिलेलं पार्सल उघडताना पत्त्याची चिठ्ठी, वजन आणि आतला माल एका सलग व्हिडिओत घ्या. चुकीचा माल निघाला तर त्याच दिवशी लेखी कळवा. रुमाल फेकून देऊ नका, तोही पुरावा आहे.

शेवटचं सांगायचं ते दुसऱ्या फसवणुकीबद्दल. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर या टोळ्यांच्या यादीत राहतो. काही आठवड्यांनी फोन येतो, ‘रिफंड विभागातून बोलतोय’, ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत’. मग प्रक्रिया शुल्क मागतात, किंवा पैसे जमा करण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगतात, किंवा आपल्या मोबाइलचा पडदा त्यांना दिसेल असं ॲप घ्यायला लावतात. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त जायला लागतो. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या नंबरवरही हाच खेळ चालतो.

मामेभावाला असा फोन फेब्रुवारीत आला. ३,७९८ रुपये परत मिळतील, आधी ४९९ भरा. त्यानं समोरच्याला थांबायला सांगितलं आणि मला फोन लावला. “दादा, ह्यो बी त्यातलाच वाटतोय. काय करू?” संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून तो नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या, संशयास्पद फोन कळवायच्या ‘चक्षु’ या सोयीत नोंदवला आणि आधीच्या सायबर तक्रारीलाही तो जोडला.